गुणाकार ते विवेक : विद्युतशक्तीच्या गणिताची परिभाषा आणि तिचा इतिहास

विद्युतशक्तीचे मोजमाप हा विषय रूढ अर्थाने भौतिकशास्त्राच्या इतिहासात मोडतो. तथापि या मोजमापाच्या घडणीत असा एक टप्पा येऊन गेला, की जेथे गणिताची अडचण हीच नामकरणाची अडचण होऊन बसली. एकदिश प्रवाहात शक्ती काढावयाची, तर दाब आणि प्रवाह या दोन राशींचा गुणाकार पुरेसा होता. प्रत्यावर्ती प्रवाह व्यवहारात आला, तेव्हा हाच गुणाकार फसवू लागला. त्यातून येणाऱ्या संख्येचा काही अंश प्रत्यक्ष काम करणाऱ्या शक्तीचा, तर काही अंश कोणतेही काम न करता तारांमधून ये-जा करणाऱ्या शक्तीचा असतो, हे ध्यानात आले. या दुसऱ्या अंशाला काय म्हणावे, या प्रश्नाची युरोपीय भाषांनी निरनिराळी उत्तरे दिली. ‘वॅटहीन’, ‘आंधळी’, ‘काल्पनिक’, ‘कल्पित’ ही त्यांपैकी काही. यातील प्रत्येक नावात वर्णनाबरोबर एक मूल्यनिर्णयही दडलेला आहे, आणि तो निर्णय पुढे वीज देणाऱ्या व घेणाऱ्यांच्या हिशेबातही उतरलेला दिसतो. भारतीय भाषांत ही परिभाषा आणताना तोच निर्णय पुन्हा करावा लागतो. म्हणून या इतिहासाचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे ठरते.

१. गुणाकाराचे युग

जर्मन भौतिकीविद गेऑर्ग ओम याने १८२७ मध्ये दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध मांडला. पुढे १८४१ मध्ये इंग्लंडमधील जेम्स प्रेस्कॉट जूल याने वाहक तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असे प्रयोगांती दाखविले. या दोन नियमांच्या संयोगातून दाब गुणिले प्रवाह बरोबर शक्ती हे सूत्र सहजच निष्पन्न होते. २३० व्होल्ट दाबावर १० अँपिअर प्रवाह घेणारी शेगडी २,३०० वॅट शक्ती घेते. प्रवाह एकाच दिशेने वाहत असेल, तर या विधानात कोणतीही पुस्ती जोडावी लागत नाही.

या शक्तीला स्वतःचे एकक मात्र उशिरा मिळाले. वाफेच्या यंत्रांच्या काळात शक्तीचे माप घोडा हे होते; जेम्स वॉट याने ठरविलेली अश्वशक्ती म्हणजे दर मिनिटास ३३,००० फूट-पौंड इतके काम. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट, अँपिअर, ओम ही एकके निश्चित केली. १८८२ मध्ये साउथॅम्प्टन येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना विल्यम सीमेन्स याने शक्तीच्या एककाला ‘वॅट’ हे नाव सुचविले आणि १८८९ च्या पॅरिस परिषदेने ते स्वीकारले. ज्या वॉटने घोड्याला माप केले, त्याच्याच नावाने घोडा मापातून बाद झाला. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, एवढीच त्याची खूण आज उरली आहे.

एकदिश प्रवाहाचा हिशेब किती सरळ होता, हे त्या काळच्या वीजमीटरावरून कळते. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथील केंद्रातून टॉमस एडिसनने वीजपुरवठा सुरू केला. त्याने वापरात आणलेला मीटर म्हणजे जस्ताच्या क्षाराचे द्रावण भरलेली बरणी होती. ग्राहकाच्या प्रवाहाचा एक ठरावीक लहान अंश या बरणीतून जाई आणि त्या मानाने एका पट्टीवरचे जस्त झिजून दुसरीवर साचे. ठरावीक मुदतीने माणूस येऊन पट्ट्या नेई, त्या तराजूत तोलल्या जात आणि वजनातील फरकावरून बिल निघे. दाब कायम ११० व्होल्टच्या आसपास असल्यामुळे वाहिलेला विद्युतभार कळला, की ऊर्जाही कळे. वाण्याच्या दुकानातील हिशेबापेक्षा हा हिशेब फारसा वेगळा नव्हता.

२. गुणाकाराची फसगत

प्रत्यावर्ती प्रवाहासमोर ही बरणी निरुपयोगी ठरली. प्रवाहाची दिशा सेकंदात अनेकवार उलटत असेल, तर एका क्षणी साचलेले जस्त दुसऱ्या क्षणी परत जाते आणि तराजूला काहीच फरक दिसत नाही. वजनाची सरासरी शून्य आणि दिवे मात्र लागलेले, असा हा पेच होता. तो सोडविण्यासाठी प्रथम प्रवाहाचे परिणामी मूल्य ठरवावे लागले. एखाद्या रोधात एकदिश प्रवाह जितकी उष्णता निर्माण करतो तितकीच उष्णता देणारा प्रत्यावर्ती प्रवाह त्याच्या बरोबरीचा मानावा, हे ते तत्त्व होय. गणिताच्या भाषेत, क्षणोक्षणीच्या मूल्यांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे. उणे मूल्याचाही वर्ग अधिकच येतो, म्हणून बेरीज शून्य होत नाही. १८८९ च्या पॅरिस परिषदेने या व्याख्येला मान्यता दिली. आज भारतीय घरांत येणारा २३० व्होल्ट हा दाब याच अर्थाने २३० आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक आवर्तनात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि तितकाच उलट दिशेने उतरतो.

परिणामी दाब आणि परिणामी प्रवाह हाती आल्यावर त्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, असे वाटणे स्वाभाविक होते. दिवा किंवा शेगडी यांच्याबाबतीत ते खरेही होते. परंतु ज्या उपकरणात तारेचे वेटोळे असते, त्यात प्रवाह दाबाच्या मागे पडतो. वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहताना ते तारांमधून ऊर्जा उचलते आणि क्षेत्र विरताना ती परत करते. ५० हर्ट्‌झच्या प्रवाहात हे उचलणे आणि परत करणे सेकंदाला शंभर वेळा घडते. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि तितकीच परत द्यावी, तसा हा व्यवहार आहे. उसनवारीत साखर कोणाचीच घटत नाही. तथापि वाटी घेऊन जाणाऱ्याच्या फेऱ्या मात्र होतात. तारांमधून जाणारा प्रवाह या फेऱ्यांचाही असतो आणि तारा त्यानेही तापतात.

१८८० च्या दशकात रोहित्राच्या आरंभीच्या प्रयोगांतून ही गोष्ट प्रकर्षाने पुढे आली. १८८४ मध्ये तुरिन येथील प्रदर्शनात ल्युसिआँ गोलार आणि जॉन गिब्ज यांचे रोहित्र मांडले गेले. दाब आणि प्रवाह यांचा नुसता गुणाकार केल्यास अशा यंत्राची कार्यक्षमता चुकीची येते आणि त्या दोहोंमधील कालांतर हिशेबात धरले पाहिजे, हे इटालियन भौतिकीविद गालिलेओ फेरारिस याने १८८५ मध्ये स्पष्ट केले. हे कालांतर कोनाच्या रूपात मांडले, तर खरी शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह गुणिले त्या कोनाची कोज्या. या कोज्येलाच शक्तिगुणक, म्हणजे वीजबिलावरील ‘पॉवर फॅक्टर’, असे म्हणतात.

वरील उदाहरणातील २३० व्होल्ट आणि १० अँपिअर घेणारे उपकरण शेगडीऐवजी मोटर असेल आणि तिचा शक्तिगुणक ०.८ असेल, तर काम करणारी शक्ती १,८४० वॅटच भरते. काम न करणारी, ये-जा करणारी शक्ती १,३८० येते. या दोहोंची साधी बेरीज २,३०० होत नाही, ही येथे विशेष लक्षात घ्यावयाची बाब होय. त्यांच्या वर्गांची बेरीज मात्र २,३०० च्या वर्गाइतकी भरते. अर्थात या दोन राशी एकाच रेषेवरच्या नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजांप्रमाणे त्या एकमेकींशी काटकोन करून आहेत. एकीत कितीही भर घातली, तरी ती दुसरीत मिसळत नाही.

मीटरांच्या इतिहासातही हीच वाटचाल दिसते. अमेरिकेत ऑलिव्हर शॅलेनबर्गर याने १८८८ मध्ये तयार केलेला प्रत्यावर्ती प्रवाहाचा मीटर अँपिअर-तास मोजी, म्हणजे उसनवारीच्या फेऱ्याही तो कामातच धरी. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने १८८९ मध्ये वॅट-तास मोजणारा मीटर सिद्ध केला. काम करणारा अंश वेगळा काढून तेवढ्याचेच पैसे घ्यावेत, हा विवेक त्या यंत्रात प्रथम उतरला. त्यासोबत दुसरा अंश मात्र मीटरच्या दृष्टीने अस्तित्वहीन झाला.

३. काल्पनिक संख्येचा प्रवेश

काटकोनात उभ्या असलेल्या या दोन राशींना एकत्र वागविणारे गणित तोपर्यंत सिद्ध होते. उणे एकच्या वर्गमुळाला रने देकार्त याने १६३७ मध्ये काहीशा उपहासाने ‘काल्पनिक’ म्हटले होते. पुढे १७९७ मध्ये कास्पर वेसेल आणि १८०६ मध्ये जाँ-रोबेर आर्गां यांनी या संख्येला प्रतलावर जागा दिली. वास्तव संख्या आडव्या रेषेवर आणि काल्पनिक संख्या तिच्याशी काटकोनात, अशी ती मांडणी होती. १८९३ मध्ये आर्थर केनेली आणि चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्‌झ यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या गणितात या संख्यांची पद्धतशीर योजना केली. स्टाइनमेट्‌झचा निबंध शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्याच वर्षी सादर झाला. तोवर विकलक समीकरणांच्या जंजाळातून काढावी लागणारी उत्तरे त्यामुळे बेरीज-गुणाकाराच्या आवाक्यात आली.

स्टाइनमेट्‌झच्या नावाचीही एक कथा आहे. ब्रेस्लाऊ येथे १८६५ मध्ये जन्मलेला कार्ल आउगुस्ट रुडॉल्फ हा समाजवादी विचारांमुळे जर्मनी सोडून झुरिकमार्गे १८८९ मध्ये अमेरिकेत पोहोचला आणि तेथे त्याने ‘प्रोटिअस’ हे विद्यार्थिदशेतील टोपणनाव आपल्या नावात कायम केले. होमरच्या ‘ओडिसी’तील प्रोटिअस हा पकडू गेल्यास रूपे पालटणारा समुद्रदेव, त्याला घट्ट धरून ठेवणाऱ्यालाच तो सत्य सांगतो. क्षणोक्षणी रूप पालटणाऱ्या प्रवाहाला एका स्थिर संख्येत धरून ठेवणाऱ्या माणसाने हे नाव धारण करावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

तथापि या पद्धतीत शक्तीचे गणित मात्र सरळ बसेना. दाब आणि प्रवाह या संख्या नेहमीच्या रीतीने गुणल्या, तर त्यांच्या कोनांची बेरीज होते; शक्ती तर कोनांमधील फरकावर अवलंबून असते. स्टाइनमेट्‌झने यासाठी गुणाकाराचा स्वतंत्र नियम मांडून पाहिला. कालांतराने प्रवाहाच्या संख्येतील काल्पनिक भागाचे चिन्ह उलटवावे, म्हणजे तिचे आरशातील प्रतिबिंब घ्यावे, आणि मग गुणाकार करावा, ही रीत स्थिर झाली. या गुणाकाराचा वास्तव भाग म्हणजे काम करणारी शक्ती आणि काल्पनिक भाग म्हणजे ये-जा करणारी शक्ती. गणिताच्या सोयीसाठी आलेले हे विशेषण येथे वस्तूला चिकटले. काल्पनिक भागात लिहिली जाणारी शक्ती मुळातच काल्पनिक असावी, असा समज त्यातून सहज होऊ शकतो.

४. नावांतील निर्णय

१८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी १७५ किलोमीटर लांबीची त्रिकला प्रत्यावर्ती वाहिनी यशस्वी झाली आणि लांब पल्ल्याच्या वहनाचा मार्ग मोकळा झाला. याच दशकात जर्मन आणि इंग्रजी लेखनात ‘वॅटहीन प्रवाह’ ही संज्ञा रुळली. हे नाव अभावाचे आहे. जे वॅट देत नाही, एवढीच त्याची ओळख. पुढे जर्मन भाषेने तीन नावांची एक सुसंगत पंगत मांडली. काम करणारी शक्ती ती ‘विर्कलाइस्टुंग’, म्हणजे परिणाम घडविणारी; ये-जा करणारी ती ‘ब्लिंडलाइस्टुंग’, म्हणजे आंधळी; आणि दाब-प्रवाहाचा नुसता गुणाकार ती ‘शाइनलाइस्टुंग’, म्हणजे भासणारी. इंग्रजी आणि फ्रेंच यांनी दुसरीसाठी प्रतिक्रियेचा, तर तिसरीसाठी दिसण्याचा धागा पकडला. रशियन भाषेने तिसरीला ‘पोल्नाया’, म्हणजे पूर्ण, म्हटले. एकच राशी एका भाषेत भास ठरते, तर दुसरीत पूर्णत्व पावते. संज्ञा पारदर्शक असतात आणि भाषांतराने त्यांत फरक पडत नाही, या समजुतीला याहून स्पष्ट प्रत्युत्तर शोधावे लागणार नाही.

आंधळ्या शक्तीला स्वतःचे एकक मिळण्यास १९३० साल उजाडावे लागले. रुमानियन अभियंता कॉन्स्टन्टिन बुडेआनू याच्या सूचनेवरून आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने ‘वार’ हे एकक स्वीकारले. याच बुडेआनूचा १९२७ चा फ्रेंच ग्रंथ या इतिहासात मध्यवर्ती आहे. त्याच्या शीर्षकात प्रतिक्रियाशील शक्तींच्या जोडीला ‘फिक्तीव्ह’, म्हणजे कल्पित, हे विशेषण आहे. कथा-कादंबरीसाठी युरोपात वापरले जाणारेच हे विशेषण होय. प्रवाहाची लहर शुद्ध ज्यालहरीसारखी नसेल, तिच्यात अनेक वारंवारितांची सरमिसळ असेल, तर वर्गांच्या बेरजेचा तो सुबक काटकोन त्रिकोण जुळत नाही, काहीतरी उरते. या उरलेल्याला बुडेआनूने तिसरे अंग मानले. ल्वोवचा पोलिश शास्त्रज्ञ स्तानिस्वाव फ्रिझे याने १९३१-३२ मध्ये निराळी वाट धरली. काम करण्यास आवश्यक तेवढा किमान प्रवाह वेगळा काढावा आणि बाकीचा सर्व एकत्र धरावा, अशी ती वाट होती. १९८७ मध्ये लेशेक चार्नेत्स्की याने बुडेआनूच्या व्याख्येतील उणिवा दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि २००० मध्ये प्रायोगिक स्वरूपात व २०१० मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या अमेरिकी अभियंत्यांच्या मानकाने व्याख्यांची नवी मांडणी केली. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, संगणक यांच्या प्रवाहाची लहर वेडीवाकडी असते. त्यामुळे हा वाद आज प्रत्येक घरात पोहोचला आहे.

५. मुंबईचा नव्वद वर्षांचा गुणाकार

एकदिश आणि प्रत्यावर्ती या दोन गणितांचा शेजार दीर्घकाळ नांदला, असे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईची उपनगरी रेल्वे. १९१५ पासून खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईला प्रत्यावर्ती वीज मिळत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर पहिली विजेची गाडी धावली, ती मात्र १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या काळी एकदिश मोटर स्थिर अवस्थेतून जोराने ओढ घेण्यास अधिक सोयीची होती आणि जागोजागच्या गाडीसाठी हाच गुण महत्त्वाचा होता. सह्याद्रीतून आलेल्या प्रत्यावर्ती विजेचे रूळांलगतच्या उपकेंद्रांत एकदिश विजेत रूपांतर केले जाई.

या निवडीची किंमत जूलच्या जुन्याच नियमात होती. दाब कमी असला, की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो आणि तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १,५०० ऐवजी २५,००० व्होल्ट दाब वापरला, तर तेवढ्याच शक्तीस प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा पुरतो आणि सारख्याच रोधात नुकसान पावणेतीनशेव्या हिश्श्याच्याही खाली जाते. भारतीय रेल्वेने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पद्धती स्वीकारली; परंतु मुंबईतील सेवा एक दिवसही बंद ठेवणे शक्य नसल्यामुळे तेथे जुनी पद्धती चालू राहिली. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे परिवर्तन २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गाचे २०१६ मध्ये पूर्ण झाले. नव्वद वर्षांहून अधिक काळ डोक्यावरची तार गुणाकाराच्या गणितावर चालत होती. आता तिच्याबाबतीत शक्तिगुणक, लहरीची वक्रता आणि उसनवारीच्या फेऱ्या यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

उसनवारीची किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील वीजदरांतही आहे. शक्तिगुणक ०.८ असल्यास तेवढ्याच कामासाठी सव्वापट प्रवाह घ्यावा लागतो आणि तारांमधील नुकसान ५६ टक्क्यांनी वाढते. मीटर मात्र काम केलेल्या वॅट-तासांचीच नोंद घेतो. यासाठी कारखान्यांना शक्तिगुणकानुसार दंड किंवा सवलत देण्याची पद्धत होती. एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर, म्हणजे जर्मन भाषेने ‘भासणारी’ म्हटलेल्या शक्तीवर, होऊ लागली. घरगुती ग्राहकांचे ‘युनिट’ किलोवॅट-तासाचेच राहिले. भासाचे बिल येते, तेव्हा त्याला भास म्हणणे अवघड होते.

६. शक्ती, ऊर्जा आणि सदसत्

भारतीय भाषांत ही परिभाषा आणताना पहिली अडचण ‘शक्ती’ याच शब्दाची येते. हिंदीत आणि मराठीत काम करण्याच्या दराला शक्ती आणि कामाच्या क्षमतेला ऊर्जा म्हणतात. बंगालीत नेमका ‘शक्ति’ हाच शब्द ऊर्जेसाठी रूढ आहे आणि दरासाठी ‘क्षमता’ वापरतात. तमिळने दोहोंसाठी ‘तिऱन’ आणि ‘आट्रल’ हे स्वतःचे शब्द योजले. त्यामुळे बंगाली पाठ्यपुस्तकातील ‘शक्ति’ मराठीत जशीच्या तशी उतरविणारा भाषांतरकार वॅट आणि वॅट-तास यांची गल्लत करून बसेल. तत्सम शब्द भारतीय भाषांना जोडतात हे खरे. पण येथे हा दुवाच फसवा ठरतो. शिवाय मराठीत शक्ती हा नुसता दर कधीच नव्हता. देवीची शक्ती, ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणातील शिव-शक्ती, बोलण्यातली अंगात शक्ती नसणे, या सर्वांत ती एक सत्ता आहे. यंत्रशास्त्राने तिला दर सेकंदाच्या हिशेबात बसविले, तेव्हा त्या शब्दाचा मोठा अर्थविस्तार मागे राहिला.

दुसरी अडचण तिसऱ्या राशीची आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी ‘आभासी शक्ति’ हा शब्द रूढ आहे आणि मराठीत लिहिणाऱ्यालाही तोच सहज सुचतो. परंतु आभास या शब्दामागे वेदान्ताची परंपरा उभी आहे. आभास म्हणजे ज्ञान होताच नाहीसे होणारे. ही शक्ती तशी नाहीशी होत नाही. तारेची जाडी, रोहित्राचा आकार, जनित्राची मर्यादा या सर्व गोष्टी तिच्यावरूनच ठरतात. रस्त्याच्या कडेच्या रोहित्रावरील पत्र्यावर क्षमता किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये लिहिलेली असते, ती याच कारणाने. या संज्ञेचे भाषांतर ‘समग्र शक्ती’ असे केल्यास ते रशियन ‘पोल्नाया’च्या जवळ जाईल आणि वस्तुस्थितीशीही अधिक प्रामाणिक राहील.

तिसऱ्या ठिकाणी मात्र मराठीने स्वतःचा मार्ग आधीच काढून ठेवलेला दिसतो. वास्तव आणि काल्पनिक भाग मिळून होणाऱ्या संख्येला हिंदीत ‘सम्मिश्र संख्या’ म्हणतात. मराठी विश्वकोशात तिला ‘सदसत् संख्या’ असे म्हटले आहे. मिश्रण या कल्पनेत दोन घटक एकमेकांत विरघळल्याचे सूचित होते; शक्तीच्या गणितात तर ते काटकोनात, वेगवेगळे उभे असतात. सदसत् हा समास मात्र द्वंद्व म्हणून घेता येतो आणि द्वंद्वात दोन्ही पदे समान प्रधान असतात. येथे असत् हे सत्‌चे दूषण ठरत नाही, ते त्याचे सहपद राहते. ऋग्वेदातील नासदीय सूक्तापासून अद्वैताच्या ‘सदसद्विलक्षण’ या संज्ञेपर्यंत या जोडीचा विचार भारतीय परंपरेने केला आहे आणि ‘सदसद्विवेक’ हा शब्द रोजच्या मराठीत रुळला आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाची शक्ती काढणे म्हणजे नेमका हाच विवेक होय : दोन अंश वेगळे ओळखावयाचे, पण एकाला नाकारावयाचे नाही.

नाकारल्यास काय होते, याची उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. तारांना झाडांचा स्पर्श आणि नियंत्रणकक्षातील संगणकाचा बिघाड यांबरोबरच ओहायोच्या उत्तर भागातील या ‘आंधळ्या’ शक्तीची कमतरताही संयुक्त चौकशी अहवालाने कारणांत नोंदविली. वेटोळ्यांना उसनी शक्ती मिळाली नाही, की दाब खचतो. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये याच्या उलट घडले. दाब मर्यादेबाहेर वाढत गेला, जादा शक्ती शोषून दाब आवरण्याची व्यवस्था अपुरी पडली आणि संपूर्ण द्वीपकल्प अंधारात गेले. एका ठिकाणी असत् अंश कमी पडला, दुसऱ्या ठिकाणी तो आवरता आला नाही. सत् अंशाची निर्मिती करणारी केंद्रे दोन्हीकडे उपलब्ध होती.

‘वॅटहीन’ या नावाने ज्याची ओळख केवळ अभावाने झाली, त्याच्यावर जाळ्याचा तोल अवलंबून असतो, हे अभियंत्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांची संज्ञा मात्र त्यांच्या ज्ञानाच्या मागे राहिली. भारतीय भाषांत विज्ञानाची परिभाषा घडविणाऱ्यांपुढे या मागे राहिलेल्या संज्ञांचे केवळ प्रतिशब्द देण्याचे काम नाही. मूळ भाषेतील नावाने कोणता निर्णय केला होता आणि तो वस्तूला धरून होता काय, हे तपासण्याची संधी भाषांतरात प्रत्येक वेळी नव्याने मिळते. ‘आभासी’ हा शब्द सवयीने उचलला जातो, तेव्हा ती संधी वाया जाते. ‘सदसत्’ या शब्दात ती घेतली गेली आहे.